भाजी नसलेला डबा

ताई, आपल्या ओट्यावर आज सकाळपर्यंत एकही भांडं आपलं नव्हतं.

सुर्व्यांचा स्टीलचा डबा आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या घागबाईंचं पातेलं आहे, आणि निळ्या झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा आहे, त्याचा मालक मला अजून सापडलेला नाही. तुम्ही गेलात त्या दिवसापासून अख्खी बिल्डिंग मला जेवायला घालते आहे. आपसांत पाळ्या लावल्या आहेत म्हणे. पहिल्या दिवशी पिठलं-भात आला, तो रीतीचाच होता. पण आठवडा होत आला तरी बेल वाजतेच आहे. दार उघडलं की कुणीतरी झाकलेलं काहीतरी हातात घेऊन उभं असतं. मी म्हणते, "कशाला एवढं?" ते म्हणतात, "असू दे हो काकू." डबा माझ्या हातात येतो आणि ते लिफ्टकडे वळतात.

आणि मला त्याची परतफेड करता येत नाही. म्हणजे भांडं घासून देता येतं, पण भरून देता येत नाही, कारण सुतकाच्या घरचं कुणी खात नाही. उभ्या जन्मात मी कुणाचं भांडं रिकामं परत केलेलं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? वाटीभर लोणचं आलं तर वाटीभर लाडू गेले. कोथिंबीर उसनी आणायची वेळ आली तर मी कोथिंबिरीशिवाय आमटी केली. आणि आता ही भांड्यांची रांग! तुम्ही असतात तर त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हसला असतात. हसता हसता खोकला आला असता आणि मग मलाच पाणी आणायला लावलं असतंत.

खरं सांगू? मला संशय आहे की हे सगळं तुम्हीच जाता जाता लावून दिलं आहे.

कारण आपलं शेवटचं भांडण यावरूनच झालं, आणि ते अर्धंच राहिलं. हॉस्पिटलात मी तुम्हाला पेज भरवत होते. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीची मुलगी बिचारी माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी म्हटलं, "नको नको, माझा आत्ताच झाला." झाला नव्हता. सकाळपासून घोटभरही झाला नव्हता. ती गेल्यावर तुम्ही चमचा बाजूला सारलात आणि माझ्याकडे बघितलंत.

"शैले, तुका घेवक येना नाय," तुम्ही म्हणालात. तुम्ही गावच्या बोलीवर आलात की प्रकरण गंभीर असतं, हे मला माहीत आहे. "घ्यायलाच येत नाही तुला. माझ्यामागे तू आणि ह्या चार भिंती. कुणी दिलं तर घेणार नाहीस, नाही दिलं तर मागणार नाहीस. कसं होणार गो तुझं?"

"मी आजवर कुणाकडे मागायला गेले नाही आणि जाणारही नाही," मी म्हणाले.

तुम्ही बोट वर केलंत. अख्खी नोकरी रेशनिंग ऑफिसच्या खिडकीमागे काढलेल्या बाईचं ते बोट. ते वर झालं की भले भले गप्प व्हायचे. काहीतरी फर्मास उत्तर येणार, म्हणून मीही कंबर कसून बसले. तेवढ्यात नर्स बीपी घ्यायला आली. मग डॉक्टर आले. मग तुम्हाला झोप लागली. आणि नंतर तुम्ही असं काही बोललातच नाही. ते उत्तर राहिलं, ताई. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या एका वाक्याला बिनउत्तर सोडलं नव्हतंत, आणि सोडलंत ते हे.

मी रोज त्या उत्तराचा विचार करते, आणि विचार करता करता दर वेळी मार्ताच्या डब्यापाशी येऊन थांबते.

मार्ता आपल्याकडे आली ती तुमच्या हट्टापायी. चाळीच्या जागी ही बिल्डिंग उभी राहिली, आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा एक जास्तीची खोली मिळाली, आणि ज्यांना त्या खोलीची सगळ्यात हौस होती ते तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, वर्षाच्या आत गेले. उरलो आपण नणंद-भावजय. तुम्ही लग्न केलं नाहीत, मला मूल झालं नाही. संध्याकाळी आपण दोघी टीव्ही लावून बसायचो आणि तो बघायचो मात्र नाही. एक दिवस तुम्ही माटुंग्याच्या मैत्रिणीकडून आलात त्या चपला न काढताच बोलायला लागलात. तिच्या शेजारी कुणी परदेशी पोरगा वर्षभर राहिला होता. अशी मुलं पाठवणारी एक संस्था आहे, मुलं इथल्या घरात राहतात, इथल्याच हायस्कुलात जातात, आणि संस्थेला आणखी घरं हवी आहेत.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? पोलंडचं चेडू येतला. सोळा वर्षांची आहे. मी हो म्हणून आले."

मला न विचारता! मी दोन दिवस धुसफुसले आणि तिसऱ्या दिवशी हिंदमाताला जाऊन नव्या चादरी घेऊन आले. मग गादी आली, काटे-चमचे आले, पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा खोका आला. तुम्ही खुर्चीतून सगळं बघत होतात.

"शैले, कोण येतंय? राज्यपाल?"

"पाहुणी आहे ती, ताई. पाहुणा म्हणजे देव."

"देवासारखी ठेवशील तर देवासारखीच कोपऱ्यात बसेल," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, नेहमीसारखा टोमणा मारलात.

पोरगी आली ती उंचच उंच, भुवया जवळजवळ नसल्यासारख्या, आणि सगळ्यांना हात जोडणारी. वॉचमनला नमस्कार, लिफ्टमधल्या सुर्व्यांच्या नातवाला नमस्कार, आपल्या दाराशी भाजी घेऊन आलेल्या माणसालाही नमस्कार. तुम्हाला ती ताई म्हणायला लागली, मला काकू. बाकी बोलणं इंग्रजीत. तुमचं इंग्रजी सरकारी कागदांवरचं, माझं फोर्टातल्या ऑफिसातलं, तिचं पुस्तकातलं. भागत होतं.

तिला हिंदमाताच्या पलीकडच्या हायस्कुलात अकरावीला घातलं. तिथल्या बाकीच्या मुली त्याच शाळेतून वर आलेल्या, बालवाडीपासूनच्या एकमेकींच्या मैत्रिणी. पहिल्या दिवशी तुम्ही तिच्या तळहातावर दही-साखर ठेवलीत आणि मी तिच्या हातात डबा ठेवला. काय डबा होता तो, ताई! आजही मला त्याचा अभिमान आहे. चार कप्प्यांचा होता. एकात मऊसूत चपात्या, एकात बिनतिखटाची बटाट्याची भाजी, एकात वरण-भात, एकात काकडीची कोशिंबीर आणि कडेला नारळाची वडी. वर इस्त्री केलेला रुमाल आणि चमचा. पोरगी परक्या देशात आहे, तिला कशाकशाची उणीव भासू नये, एवढंच माझ्या मनात होतं. आपण दोघी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. आत जाताना तिने वळून आपल्याला नमस्कार केला.

डबा रोज रिकामा यायचा. मी खूश होते. पण पोरगी बोलायची नाही. "हाऊ वॉज स्कूल?" "गुड." "फ्रेंड्स?" "येस, गुड." मग ती खिडकीशी बसून खालच्या पुलावरच्या गाड्या बघत राहायची. एकदा संध्याकाळी ती बाथरूममध्ये गेली आणि नळ बराच वेळ सुरूच राहिला. तुम्ही टीव्हीचा आवाज कमी केलात, आणि मग नळाच्या आवाजाखालचा दुसरा आवाज आपल्याला दोघींना ऐकू आला. आपण एकमेकींकडे पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात संस्थेच्या बाईंचा फोन आला. मार्ताने घरी परत जायचं म्हणून विचारलं होतं. "तुमच्याबद्दल तिची काही तक्रार नाही," बाई म्हणाल्या, "उलट म्हणते, दे आर व्हेरी काइंड. पण शाळेत तिला कोणी नाही. आपण गणपतीपर्यंत बघू. तोवर रुळली नाही, तर पाठवून देऊ."

मला ते फार लागलं. घरातून माणूस जाण्याची मला तेव्हा धास्तीच बसली होती. त्या खोलीतून एक जण गेला होता, आता ही जाणार. मी डब्यात पाचवी वस्तू घालायला सुरुवात केली.

तुम्ही मात्र छत्री उचललीत आणि मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन थडकलात. पोरगी पाण्याची बाटली विसरली, अशी थाप मारून आत शिरलात. रेशनिंग ऑफिसच्या बाईला अडवायची शिपायाची काय बिशाद! परत आलात, छत्री दारामागे अडकवलीत. चहा घेतलात. मग म्हणालात, "पोरींनी बाकं जोडली होती. मध्ये सगळे डबे उघडे. हिची भाजी तिच्या चपातीत, तिचं लोणचं हिच्या भातात. आणि आपली शेवटच्या बाकावर एकटी. मांडीवर रुमाल पसरून, चमच्याने. हॉटेलात बसल्यासारखी."

"मग त्यांनी बोलवायला नको तिला?"

"कशाला बोलवतील? तिच्या डब्यात काय कमी आहे? तिला कुणाचं काय लागतं?"

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तुम्ही डबा भरून पोरीला वाटेला लावलंत. मी ओट्यावर आले तर भाजीचा कप्पा तिथेच. वरण-भात तिथेच. कोशिंबीर तिथेच. चमचा, रुमाल, सगळं तिथेच. पोरगी नुसत्या चपात्या घेऊन गेली होती. मला वाटलं, तुम्ही विसरलात. मी चप्पल घालून निघाले, तर तुम्ही दारात आडव्या.

"विसरले नाही. ठेवलीच नाही."

ताई, त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले! परदेशातून आलेल्या, आपल्या भरवशावर आई-बापांनी पाठवलेल्या पोरीला कोरड्या चपात्या? आधीच ती रडते आहे, आणि आपण तिला भिकेला लावायचं? शाळेत काय म्हणतील, लालबागच्या घरात भाजी शिजत नाही? तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "एक चपाती कोरडी खाऊन कुणी मरत नाही गो. एकटं खाऊन मरतं."

मी अबोला धरला. मार्ता संध्याकाळी आली, डबा रिकामा होता. कोरड्याच खाल्ल्या, हे चेहऱ्यावरून दिसत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तुमचा डोळा चुकवून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी तिच्या दप्तराच्या बाहेरच्या खणात सरकवली. ती पुडी मला दुपारी माझ्याच उशीखाली सापडली. तुम्ही ओव्या म्हणत पूजेची भांडी घासत होतात, जसं काही झालंच नाही.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मार्ता आली, आणि डबा उघडला तर आत सुकटीचा वास. गणवेशाच्या बाहीवर हळदीचा हा एवढा डाग. गाल लाल, कान लाल, डोळ्यांतून पाणी.

"काकू," ती म्हणाली, "व्हॉट इज सुकट?"

"वाळवलेली मासळी. कोणी दिली?"

"दीपाली. शी लिव्ह्ज इन घोडपदेव. व्हेरी तिखट!" आणि हसली. आपल्याकडे आल्यापासून दात दिसतील असं पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, उद्या जास्त चपात्या द्याल का, मुलींना त्या आवडल्या आहेत.

माझ्या चपात्या, ताई! मी अबोला विसरून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही जपमाळ ओढत होतात आणि एक डोळा उघडा होता.

पुढचं सगळं आपल्या दोघींनाच पाठ आहे. चपात्यांची थप्पी वाढत गेली. तिच्या बदल्यात कुणाची तोंडली, कुणाचं भरलेलं कारलं, कुणाच्या घरची मिसळ असं काय काय पोरीच्या पोटात गेलं. मागायला शिकली, मग कुरकुरायला शिकली. "दीपालीची आई मीठ कमी घालते" असं एकदा म्हणाली तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत. "झाली गो हिची मुंबई!" गणपतीत संस्थेच्या बाई निर्णय विचारायला आल्या, तर आपल्या स्वयंपाकघरात पाच पोरी जमिनीवर मांड्या घालून बसलेल्या. मार्ताच्या तळहातावर उकडीची पारी. बाईंनी तिला बाहेर बोलावलं. तिने मान वर न करता सांगितलं, "बाई, थांबा. मोदक बिघडतो." तेही मराठीत. बाई थांबल्या, मोदक खाल्ला, आणि काही न विचारता गेल्या. मार्ता वर्षभर राहिली. जाताना दुसरं काही न नेता तो चार कप्प्यांचा डबा घेऊन गेली.

तेव्हापासून आपलं भांडण चालू आहे. मी म्हणायचे, वेळ गेला की पोरं रुळतातच, डब्याचा काय संबंध? तुम्ही म्हणायचात, "हो का?" बस, एवढंच. दोन शब्दांत तुम्ही माणसाला जाळू शकत होतात. मी म्हणायचे, पाहुण्याला कमी देऊन का कुणी आपलंसं करतं? तुम्ही म्हणायचात, "तुला पहिल्या दिवशी कसं आपलंसं केलं मी?"

त्यावर मी विषय बदलायचे. पण ते मला लख्ख आठवतं आहे. लग्न होऊन आले, चाळीतल्या त्या खोलीत माणसांची जत्रा. मी नवी नवरी, खाली मान घालून ताटासमोर बसलेली, ताटाला हात लावला नव्हता. तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि माझ्या ताटातला पापड उचलून कराकरा खायला लागलात. मला वाटलं, काय आगाऊ नणंद पदरी पडली! मग तुम्ही म्हणालात, "माझ्या ताटातली भजी घे हवी तर. मला तेलकट चालत नाही." मी घेतली नाहीत. तुम्ही भजी तशीच ठेवून उठलात.

खरं तर हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही: तुम्ही उठल्यावर मी ती खाल्ली. दोन्ही.

त्या पापडापासून हॉस्पिटलातल्या चहापर्यंत तुमचं माझ्याशी एकच चाललं होतं, हे मला आता कळतं. माझं मनगट मोडलं तेव्हा मी एका हाताने नारळ खवायचा प्रयत्न केला, आणि तुम्ही नारळ-खवणी उचलून शेजारणीकडे खवायला नेऊन दिलीत. हे गेले तेव्हा आलेली भांडी मी तासाभरात घासून पुसून दारोदार पोचवून आले, जणू घरात कुणी गेलंच नव्हतं. तुम्ही त्या दिवशी मला रागावला होतात. भाऊ गेलेला, डोळे सुजलेले, आणि भांड्यांवरून रागावत होतात. "त्यांना आणू दे की गो! ठेवून घे दोन दिवस!" मला ते तेव्हा भलतंच वाटलं होतं. आता तुमच्या भावाच्या फोटोशेजारी तुमचा लावायचा म्हणून फ्रेमला दिला आहे, आणि भांडी ओट्यावर आहेत. ठेवून घेतली आहेत, ताई. नाइलाजाने का होईना.

परवा मार्ताचा फोन आला. मीच कळवलं होतं. आता मोठी झाली, नोकरी करते, केस कापून टाकलेत, तुम्हाला आवडले नसते. पडद्यावर ती नुसती रडत होती आणि मी तिला "जेवलीस का" विचारत होते. मराठी तिला अजून तोडकं-मोडकं येतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काकू, एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. ताईने मला प्रॉमिस घेतलं होतं, सांगायचं नाही. आता सांगू?"

त्या सकाळी, मी झोपलेली असताना, तुम्ही तिला दारात थांबवलंत. म्हणालात, आज भाजी नाही. मुलींकडून मागून खा. ती म्हणाली, मला लाज वाटते. आणि तुम्ही तिला म्हणालात, "वाटणारच. पण माग. आमच्या घरात एक आहे, तिला अजून येत नाही. तू शिक, म्हणजे मला तिला दाखवता येईल."

म्हणजे पोरीला तर शिकवलंतच, पण डोळा माझ्यावर होता! एका डब्यात दोघींना घातलंत! मला हसू आलं आणि मग असा उमाळा आला की फोन पालथा ठेवावा लागला. इतकी वर्षं गप्प राहिलात. "हो का?" म्हणत राहिलात. कधीतरी सांगायचं होतंत की मला.

मी फोन पुन्हा उचलला तेव्हा ती तशीच समोर होती. तिने विचारलं, "काकू, आता येतं का तुम्हाला?"

मी म्हटलं, आवाज नीट येत नाही गो. आणि फोन ठेवला.

आज सकाळी सुर्व्यांची सून आली, घाईघाईत. "काकू, आज फक्त चपात्या. भाजी राहिली, गॅस संपला मध्येच. चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल हो, धावेलसुद्धा." ती गेली आणि मी त्या चपात्यांकडे बघत बसले. गरम होत्या. चार चपात्या, कागदात गुंडाळलेल्या, आणि दुसरं काही नाही. गावाहून आलेला पुतण्या कालच म्हणून गेला होता, काकी, आता घरात चूल पेटवायला हरकत नाही. टोपलीत बटाटे होते. दहा मिनिटांचं काम होतं. मी विळी काढली. बटाटा हातात घेतला.

आणि तुमच्या खुर्चीकडे बघितलं, ती माझी चूक झाली.

बटाटा परत ठेवला. मांडणीवरून आपली वाटी घेतली, ती तुमची काठाला चेमटलेली. समोरच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ते शुक्ला, आपल्या मजल्यावर येऊन वर्ष झालं असेल. मी त्यांचं नाव पाटीवर वाचलं होतं, एवढीच ओळख. वाटी मी आधी पदराआड धरली होती. मग म्हटलं, भाजी पदराआड कशी देणार त्या, म्हणून बाहेर काढली. बेल दाबली. वाटी पुन्हा पदराआड गेली, ताई, ती परत बाहेर काढली. एवढीशी वाटी. मार्ता त्या शेवटच्या बाकावरून उठली असेल तेव्हा तिला काय झालं असेल, ते मला त्या दारात समजलं.

दार उघडलं. तरुण बाई, ओले केस, हातात झारा.

"भाजी आहे का थोडी?" मी विचारलं. "चपात्या आहेत माझ्याकडे."

तिने माझ्या खांद्यावरून आपल्या दाराकडे पाहिलं. मग तिला बहुतेक आठवलं की समोरच्या घरात कोण गेलं आहे. "आंटी, भिंडी है. चलेगी?" आणि वाटीकडे बघून म्हणाली, "ये तो छोटी है. अंदर आओ ना, यहीं खा लो." मी नको म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. चपात्या घेऊन गेले.

भेंडीत आमचूर होतं. भेंडीत कुणी आमचूर घालतं का? पण चारपैकी दोन चपात्या मी खाल्ल्या, दोन तिने खाल्ल्या, आणि कशा केल्या म्हणून विचारत होती. सुर्व्यांच्या सुनेने केल्यात, हे मी सांगितलं नाही. उठताना तिने वाटीही भरून दिली, संध्याकाळसाठी.

तेव्हा ते उत्तर मिळालं असं समजा. पण तुम्ही जिंकलात असं मुळीच समजू नका. परदेशातून आलेल्या पोरीच्या डब्यात भाजी हवीच होती, हे मी तिकडे आल्यावरही तुम्हाला सांगणार आहे, आणि तुम्ही "हो का?" म्हणालात तरी मागे हटणार नाही. ती भेंडी रात्री संपवून तुमची वाटी मी घासून ओट्यावर पालथी घातली आहे, त्या सगळ्या भांड्यांच्या रांगेत. तिथलं हे एकच भांडं आपलं आहे, कुणाला परत द्यायचं नाही.

आत ठेवली नाही. उद्या लागेल.